जमिनीखालचा वारा आणि त्याचे राखणदार

अंधेरी पूर्वेला मरोळ नाका किंवा एमआयडीसीच्या बाजूने जाताना भुयारी मेट्रोच्या प्रवेशद्वारांपासून थोड्या अंतरावर काँक्रीटची काही चौकोनी, बिनखिडक्यांची बांधकामे दिसतात. त्यांच्या वरच्या भागात तिरप्या धातुपट्ट्यांच्या झडपा असतात. त्यांच्याकडे थांबून पाहावे असे तिथे काही नाही. पण या झडपांच्या मागे एक उभी विहीर थेट भुयाराच्या पातळीपर्यंत उतरलेली असते आणि तिच्या तळाशी माणसाच्या उंचीपेक्षा मोठे पंखे बसवलेले असतात. भुयाराचे नाक म्हणावे अशीच ही रचना आहे.

कारखान्यातला पंखा सकाळी सुरू होतो आणि पाळी संपली की थांबतो. तो बिघडला तर कामगाराला घाम येतो, डोळे चुरचुरतात, तक्रार होते आणि दुरुस्ती होते. भुयारातल्या पंख्याचे तसे नाही. ज्या मुख्य कामासाठी तो तिथे आणला जातो, ते काम त्याच्या तीसेक वर्षांच्या आयुष्यात कदाचित एकदाही करावे लागणार नाही. पण वेळ आलीच, तर ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत, पूर्ण वेगाने आणि नेमक्या दिशेने करावे लागते. रोज वापरात नसलेले यंत्र रोज तयार कसे ठेवायचे, हा या विषयाचा गाभा आहे. उपनगरांखाली आता एकामागून एक बोगदे होत असल्याने हा प्रश्न फक्त अभियंत्यांपुरता राहिलेला नाही.

भुयाराला पंखा कशाला?

कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानके २७. त्यांपैकी आरे जेव्हीएलआर हे एकच जमिनीवर, बाकी सारी जमिनीखाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ही गाडी थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली.

गाडी धावत असते तेव्हा भुयाराला वारा मिळतोच. सायकलच्या पंपात दट्ट्या हवा ढकलतो तशी गाडी आपल्या पुढची हवा ढकलते आणि मागची ओढते. ठाणे–दिव्यादरम्यानच्या १९१६ सालच्या पारसिक बोगद्यातून जलद लोकलने प्रवास केलेल्यांना कानात बसणारा दडा आठवत असेल. तो या दट्ट्याचाच परिणाम. पारसिक बोगदा जेमतेम सव्वा किलोमीटरचा, दोन्ही तोंडे मोकळी. तिथे एवढा वारा पुरतो. भुयारी मेट्रोत मात्र वाट लांब, तोंडे दूर आणि उष्णता पुष्कळ. गाडीच्या मोटारी, ब्रेक आणि टपावरची वातानुकूलन यंत्रे सारी उष्णता भुयारातच टाकतात.

मेट्रो-३च्या फलाटांवर छतापर्यंत काचेची दारे आहेत. त्यामुळे फलाटाची थंड हवा आणि भुयाराची गरम हवा वेगळ्या राहतात. गाड्या वेळेवर धावत असतील तर दट्ट्याच्या जोरावर विहिरींतून हवेची ये-जा होते. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये अडकली की दट्ट्या थांबतो. तिच्या टपावरचे यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा ओढू लागते आणि काही वेळाने बंद पडू शकते. अशा वेळी एका स्थानकाच्या टोकाचे पंखे हवा आत फेकतात, पुढच्या स्थानकाचे ती बाहेर ओढतात. हे झाले पंख्यांचे दुसरे काम. तिसरे आणि सर्वांत कठीण काम आगीचे.

धुराची दिशा

भुयारातल्या आगीत ज्वाळांपेक्षा धूर अधिक घातक ठरतो. गरम धूर आधी छताला लागून दोन्ही बाजूंना पसरतो, थंड होत खाली उतरतो आणि काही मिनिटांत माणसाला समोरचे दिसेनासे होते. हा धूर एकाच बाजूला ढकलायचा आणि दुसऱ्या बाजूने प्रवाशांना ताज्या हवेत चालत बाहेर काढायचे, ही पद्धत जगभर मान्य आहे. त्यासाठी वाऱ्याचा वेग किमान इतका हवा, की छतालगतचा धूर वाऱ्याच्या उलट सरकू शकणार नाही. आग किती मोठी आणि भुयाराचा उतार किती यावर हा वेग ठरतो. मेट्रोच्या भुयारात तो साधारण सेकंदाला दोन ते तीन मीटर धरतात.

एकेरी भुयाराचे छेदक्षेत्र २२ चौरस मीटर आणि वेग २.५ मीटर धरला, तर सेकंदाला ५५ घनमीटर हवा त्या भुयारातून गेली पाहिजे. वाटेतली गळती आणि शेजारच्या भुयारात पळणारी हवा लक्षात घेता पंख्यांना याहून बरीच जास्त हवा हलवावी लागते. म्हणून एकेका पंख्याची क्षमता सेकंदाला ६० ते १०० घनमीटर अशी असते. चारशे चौरस फूट चटईक्षेत्राच्या घरात सुमारे १०५ घनमीटर हवा मावते. म्हणजे ८० घनमीटरचा पंखा उपनगरातले एक नेहमीचे घर सव्वा-दीड सेकंदात रिकामे करील.

क्षमतेपेक्षाही दिशा महत्त्वाची. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी अझरबैजानची राजधानी बाकू येथे भुयारात मेट्रोला आग लागली आणि २८९ माणसे गेली. आग लागल्यानंतर काही मिनिटांनी वायुवीजनाची दिशा बदलली गेली आणि ज्या बाजूने बहुसंख्य लोक बाहेर पडत होते त्याच बाजूला धूर ओढला गेला.

वॉशिंग्टनची घटना अधिक बारकाईने तपासली गेली आहे. १२ जानेवारी २०१५ रोजी लान्फाँ प्लाझा स्थानकातून निघालेली गाडी पुढे विजेच्या ठिणग्यांनी झालेल्या धुरात भुयारातच थांबली. एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पंख्यांच्या वापरातल्या चुका पुढे आल्या. स्थानकातले पंखे हवा ओढू लागले, त्यामुळे धूर गाडीकडेच आला. भुयाराच्या दुसऱ्या बाजूच्या विहिरीतले काही पंखे अतिभाराच्या संरक्षणामुळे बंद पडलेले होते. भुयारात धूर झाला तर कोणते पंखे कसे चालवायचे याची लेखी कार्यपद्धती नियंत्रण कक्षाकडे नव्हती. पंखे विकत घेतलेले होते, बसवलेलेही होते. कमी पडली ती राखण आणि सराव.

आपल्याकडे १५ नोव्हेंबर २०२४ रोजी वांद्रे-कुर्ला संकुल स्थानकाच्या ए-४ प्रवेशद्वाराबाहेर, जमिनीखालच्या भागात ठेवलेल्या सामानाला आग लागली. धूर स्थानकात शिरला, गाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या. कोणाला इजा झाली नाही. मार्गिका सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. आग गाडीत किंवा भुयारातच लागेल असे नाही, धूर कुठूनही आत येऊ शकतो, हे त्या दिवशी दिसले.

पंख्याची अंगकाठी

कारखान्यातील मोठे पंखे मुख्यतः दोन जातींचे. पहिल्या जातीत हवा मध्यातून शिरते आणि परिघाकडून बाहेर फेकली जाते. बॉयलर, भट्ट्या, धूळ खेचणारी यंत्रे यांना हा गोगलगाईच्या कवचासारखा पंखा लावतात. दुसऱ्या जातीत हवा आसाच्या दिशेनेच सरळ आरपार जाते. भुयाराला ही दुसरी जात लागते, कारण तिची दिशा उलटवता येते. त्यासाठी पाती खास असतात. नेहमीच्या पात्याला एक बाजू पोटाची आणि एक पाठीची. भुयारातल्या पात्याचा आकार दोन्ही दिशांना सारखाच काम देईल असा घडवतात. त्यात कार्यक्षमता थोडी घटते, पण उलट फिरवल्यावरही जवळजवळ तेवढीच हवा मिळते.

दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या घरात जातो. पाच किलो वजनाचे पाते आसापासून सत्तर सेंटीमीटरवर असेल, तर ते आपल्या मुळाला सुमारे चार टनांच्या जोराने बाहेर ओढत असते. पात्याच्या मुळाशी असलेल्या बोल्टांवर किती भिस्त असते हे यावरून कळावे.

सेकंदाला ८० घनमीटर म्हणजे दर मिनिटाला पावणेसहा टन हवा. ती विहिरीतून, झडपांतून आणि ध्वनिशोषकांतून ढकलायला शंभर-सव्वाशे किलोवॅटची मोटार लागते. पंख्याचा वेग आणि वीज यांचे नाते घनाचे असते. वेग वीस टक्क्यांनी उतरवला, तर हवा वीस टक्के कमी होते, पण वीज जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून रोजच्या कामाला कमी वेग आणि आगीला पूर्ण वेग अशी सोय करतात.

आगीत पंख्याला आपल्या पोटातून गरम धूर काढावा लागतो आणि मोटार त्याच प्रवाहात बसलेली असते. म्हणून पंखा, मोटार, तिची केबल, झडपा आणि जोडपट्टे हे सारे २५० अंश सेल्सियस तापमानात किमान तासभर टिकले पाहिजेत, अशी अट घालतात. या तापमानाला हवेची घनता निम्म्याहून थोडीच जास्त उरते. पंखा तेवढेच घनमीटर हलवतो, पण त्याचा दाब तितकाच उतरतो, आणि हा हिशेब आराखड्यात आधीच धरावा लागतो. अमेरिकेतील एनएफपीए १३० हे मानक मेट्रोसाठी बऱ्याच ठिकाणी आधार मानले जाते. आणीबाणीची संपूर्ण वायुवीजन योजना तीन मिनिटांत कार्यरत झाली पाहिजे, असे ते सांगते.

बसवताना

एवढा पंखा तळाशी नेणे हेच एक काम आहे. क्रेन विहिरीच्या तोंडापर्यंत पोहोचते. त्याखाली चेनपुली, रोलर आणि अवजड यंत्रे हलवण्यात मुरलेल्या खलाशांची टोळी. कोणता भाग आधी उतरवायचा, भिंतीतली वाट कधी बुजवायची, हे बांधकामाच्या वेळीच ठरलेले बरे. वीस वर्षांनी मोटार बदलायची झाली तर ती कुठून वर काढणार, हे नकाशावर दाखवता आले पाहिजे. तुळईला पक्का हूक आणि मोटार सरकवायला मोकळी जागा आज सोडली नाही, तर पुढच्या पिढीला भिंत फोडावी लागते.

पंखा चौथऱ्यावर बसतो तो स्प्रिंगांच्या पायांवर, म्हणजे त्याचे कंपन इमारतीत उतरत नाही. चारही पाय सारखे दबले पाहिजेत; एक पाय अधांतरी राहिला तर सांगाडा पिळतो. पाते आणि कवच यांच्यात काही मिलिमीटरची फट असते. ती सगळीकडे सारखी आहे का, हे फीलर गेजने पाते फिरवत मोजतात. फट वाढली की हवा मागे गळते. फट फार कमी ठेवली तर आगीच्या उष्णतेत पाती वाढून कवचाला घासतात. प्रत्येक पात्याचा कोनही एकसारखा असावा लागतो आणि बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने आवळावे लागतात.

पंख्याच्या तोंडासमोरची जागाही तितकीच महत्त्वाची. तोंडालाच वळण किंवा खांब आला तर हवा एका अंगाने शिरते आणि कारखान्यात चाचणीत मिळालेली हवा जागेवर मिळत नाही. आसाच्या दिशेने हवा ढकलणाऱ्या पंख्यापुढे अडथळा फार वाढला तर पात्यांवरचा प्रवाह सुटतो. पंखा घरघरतो, हादरतो, हवा एकदम घटते. असा पंखा बराच वेळ चालवला तर पाती मुळाशी थकून तडकू शकतात.

मग येते दिशेची परीक्षा. तीन फेजच्या मोटारीला दोन तारा अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या की ती उलटी फिरते. यात एक गंमत आहे. परिघाकडे हवा फेकणारा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त बरीच कमी. त्यामुळे कारखान्यांत उलटा जोडलेला पंखा पुष्कळ दिवस लक्षात येत नाही. आरपार हवा नेणारा पंखा मात्र उलटा फिरला की वाराच उलटतो. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ‘बाहेर’ असे दिसावे आणि विहिरीत हवा आत शिरावी, हा प्रकार फक्त तारांची चूक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. म्हणून एकेका पंख्यासमोर रिबीन किंवा धूर धरून, माणसाने डोळ्यांनी पाहून, पडद्यावरच्या शब्दाशी ताडून घ्यावे लागते. केबल किंवा मोटार बदलली की हे पुन्हा पहिल्यापासून करायचे.

भिंतीत आणि छतात रोवलेल्या बोल्टांची कथा जपानमध्ये घडली. २ डिसेंबर २०१२ रोजी यामानाशी प्रांतातील सासागो रस्ता-बोगद्यात, वायुवीजनाची वाहिनी बनवणारी छताखालची काँक्रीटची फळ्यांची रांग कोसळली आणि नऊ जण मेले. रसायनाने चिकटवलेले टांगणीचे बोल्ट सुटले होते, आणि हातोडीने ठोकून आवाजावरून त्यांची तपासणी अनेक वर्षे झालेली नव्हती.

न फिरणाऱ्या पंख्याची निगा

फिरणारे यंत्र झिजते हे सर्वांना माहीत असते. उभे असलेले यंत्रही झिजते, हे कमी लोकांना ठाऊक असते. पंखा महिनोन्महिने एकाच अवस्थेत उभा राहिला की बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी दबून राहतात. शेजारून गाड्या जात असतात, त्यांचा सूक्ष्म हादरा पोहोचत राहतो. गोळी आणि कडे यांच्यातले ग्रीस बाजूला सरकते आणि कड्यावर बारीक खाचा पडतात. मग ऐन वेळी पंखा पूर्ण वेग घेतो तेव्हा बेअरिंग आवाज करते, तापते आणि अडकते. उपाय साधा आहे: प्रत्येक पंखा ठरलेल्या दिवसांनी, दोन्ही दिशांना, पूर्ण वेगाने काही वेळ चालवायचा आणि थांबवताना पाती दर वेळी वेगळ्या अवस्थेत ठेवायची.

ग्रीसच्या बाबतीत कंजुषी जितकी वाईट तितकीच उधळपट्टीही. बेअरिंग ग्रीसने ठासून भरले की ते घुसळून तापते. दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळली तर ती पातळ होऊन वाहून जाऊ शकते. म्हणून कोणते ग्रीस, किती ग्रॅम आणि कधी, हे यंत्राजवळच लिहिलेले असावे.

मुंबईचा पावसाळा हा मोटारीचा वेगळा शत्रू. बंद असलेली थंड मोटार दमट हवेत घाम धरते, वेटोळ्यांचे इन्सुलेशन ओले होते. त्यासाठी मोटारीत एक छोटा हीटर असतो आणि मोटार बंद असताना तो चालू राहायला हवा. हा हीटर जळाला तर कुठेही गाडी थांबत नाही, दिवा जात नाही, म्हणून त्याची दखल घेतली जात नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात मेगरने इन्सुलेशन मोजले आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहिले, तर घसरण वेळीच दिसते.

विहिरीच्या तोंडाची उंचीही पावसाशीच जोडलेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या काम सुरू असलेल्या प्रवेशद्वारातून पाणी थेट खाली शिरले. हवा आत घेणाऱ्या झडपांचा उंबरठा पुराच्या पातळीवर असणे आणि शेजारी रस्त्याची उंची वाढवताना तो हिशेब न बिघडणे, ही राखणीचीच बाब आहे.

चाके आणि रूळ यांच्या घर्षणातली लोहधूळ पाण्याच्या अंशासह पात्यांवर बसते. ती सारखी बसली तर नुसती हवा कमी होते; एका पात्यावरून पापुद्रा सुटला तर तोल जातो. दोन मीटरच्या पंख्याच्या टोकाला शंभर ग्रॅम चिखल जास्त असेल, तर हजार फेऱ्यांना तो सुमारे ११० किलोच्या ओढीने आस हलवतो, तेही सेकंदाला सोळा-सतरा वेळा. म्हणून पाती धुणे हे सफाई खात्याचे हलके काम समजू नये. कंपनाचे मोजमाप दर वेळी त्याच बिंदूवर, त्याच वेगाला घ्यावे. एकटा आकडा फारसे सांगत नाही. सहा महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की बेअरिंग बोलू लागते.

पंखा उत्तम असून झडपच उघडली नाही, तर सारे व्यर्थ. झडपांची पाती धुळीने आणि गंजाने अडकतात. ‘उघडली’ असा संदेश देणारा स्विच कधीकधी झडप न हलताही तसे सांगतो. म्हणून चाचणीत कोणीतरी जाऊन झडप प्रत्यक्ष पाहिली पाहिजे. अतिभाराच्या संरक्षणाचेही तसेच. रोजच्या वापरात मोटार जळू नये म्हणून ते हवेच. आगीच्या आदेशात मात्र ते बाजूला सारून मोटार शेवटपर्यंत चालू ठेवण्याची पद्धत आहे. तेव्हा मोटार गेली तरी चालते, माणसे वाचली पाहिजेत. हा आदेश खरोखर तसा चालतो का, हेही वर्षातून तपासावे लागते.

पात्याजवळचा माणूस

ही सारी कामे रात्री, शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंतच्या चार-पाच तासांत होतात. त्यातही वीज तोडणे, परवानगी घेणे, आत उतरणे आणि सगळे पूर्ववत करून बाहेर येणे यात बराच वेळ जातो.

वीज तोडली म्हणजे पंखा थांबला असे भुयारात धरता येत नाही. शेजारच्या मार्गावरून देखभालीची गाडी गेली किंवा विहिरीतून वारा आला, तर पाती आपोआप फिरू लागतात. म्हणून आत शिरण्यापूर्वी पंख्याचा आस लोखंडी खिळीने बांधावा लागतो. वीजपुरवठ्याच्या स्विचला काम करणारा प्रत्येक जण आपले स्वतःचे कुलूप लावतो, आपल्या नावाची पाटी अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच माणसे आत असतील तर पाच कुलुपे. नियंत्रण कक्षातून दूरवरून पंखा सुरू करता येत असल्याने या कुलुपांना पर्याय नाही.

या कामाला लागणारे हात आपल्या उपनगरांतच तयार होतात. मुलुंड, बोरिवली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर आणि इलेक्ट्रिशियन बाहेर पडतात. साकीनाका–कुर्ला पट्ट्यात मोटारीची वेटोळी भरणारी आणि पंख्यांचा तोल साधणारी छोटी वर्कशॉप आहेत. पण कंत्राटे दर काही वर्षांनी बदलत गेली आणि माणसे त्याबरोबर बदलत राहिली, तर कोणत्या पंख्याचा आवाज पूर्वी कसा होता हे सांगणारा कोणी उरत नाही. यंत्राची नोंदवही कंत्राटदाराची न राहता यंत्राची राहिली पाहिजे.

पुढचे बोगदे

१३ जुलै २०२४ रोजी उपनगरांतल्या दोन मोठ्या रस्ता-बोगद्यांचे भूमिपूजन झाले. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे सुमारे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे मुंबई महापालिकेचे. ठाणे–बोरिवली जोडरस्त्याचे सुमारे १०.२५ किलोमीटरचे जुळे बोगदे एमएमआरडीएचे. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे. रस्त्याखाली मध्येच विहीर खणता येते तशी जंगलात सहज खणता येत नाही, त्यामुळे तोंडांवरच्या आणि आतल्या पंख्यांवर भार वाढतो.

रस्ता-बोगद्याचे दुखणे मेट्रोपेक्षा वेगळे. इथे कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे रोजची असतात. न्यूयॉर्कचा हॉलंड बोगदा १९२७ साली खुला झाला तेव्हा त्यासाठी चार इमारतींत ८४ पंखे बसवावे लागले होते. आज अनेक बोगद्यांत छताला लटकवलेले जेट पंखे जोराचा झोत सोडून सगळी हवा पुढे सरकवतात. ते स्वस्त आणि सोपे असतात, पण त्यांची देखभाल वाहतूक थांबवून, उंचावर चढून करावी लागते, आणि टांगणीचे बोल्ट म्हटले की सासागो आठवावे लागते. आपल्या किनारी रस्त्याच्या मलबार हिलखालच्या बोगद्यांसाठी साकार्डो पद्धत निवडली गेली. इटलीचे अभियंते मार्को साकार्डो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या गाड्यांच्या बोगद्यांसाठी ती पुढे आणली. यात मोठे पंखे तोंडापाशी बाहेर असतात आणि तिरप्या नळीतून वारा आत सोडतात. राखणीच्या दृष्टीने याचा फायदा उघड आहे: वाहतूक न थांबवता पंख्याजवळ जाता येते. लांब बोगद्याला ही एकटी पद्धत पुरेलच असे नाही. मात्र पद्धत निवडताना हवा किती हलेल याबरोबर पंख्याजवळ कसे पोहोचणार, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

नागरिकांचाही यात वाटा आहे. विहिरीच्या झडपांना टेकून टपरी उभारली, फलक लावला किंवा सामान रचले, तर हवेची वाट अडते. दुसरीकडे, शेजारच्या सोसायटीला पंख्याचा आवाज सोसावा लागू नये म्हणून विहिरीत ध्वनिशोषक बसवलेले असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्रीच्या चाचणीचा आवाज वाढत गेला, तर ती तक्रार रहिवाशांनी जरूर करावी. पंख्याची किंवा ध्वनिशोषकाची तब्येत बिघडल्याची ती पहिली खूणही असू शकते. चाचणीच बंद करा असा आग्रह मात्र धरू नये.

नवा बोगदा खुला होतो तेव्हा लांबी, खर्च आणि वाचलेली मिनिटे जाहीर होतात. त्या यादीत आणखी चार उत्तरे असावीत: पंख्यांची शेवटची पूर्ण वेगातली चाचणी कधी झाली, त्यांतले किती पंखे त्या दिवशी चालले नाहीत, अग्निशमन दलाबरोबर धुराचा सराव कधी झाला, आणि मोटारीचे सुटे भाग कुठे ठेवलेले आहेत. ही माहिती वर्षातून एकदा स्थानकाच्या किंवा बोगद्याच्या दर्शनी फलकावर लावायला फार खर्च येत नाही. चाचणीची तारीख जाहीर लिहायची असली, की ती चाचणी घेतली जाण्याची शक्यता बरीच वाढते.